दोन फॅब्रिक वेगळी ठेवायची, पण टेप लायब्ररी एकच: व्हीसॅन, आयव्हीआर की सरळ पोर्ट वाटणी?

मिहानचा_वारा | सोमवार, सकाळी १०:४२

मांडणी अशी आहे. नागपुरात सीताबर्डीला जुनी सर्व्हर रूम, मिहानला नवीन. मध्ये डार्क फायबर, मोजून १८ किमी. दोन्ही ठिकाणी दोन-दोन एमडीएस (सिस्कोचे स्टोरेज) स्विच, १६ जीबीचे (गिगाबिट प्रति सेकंद), ए आणि बी फॅब्रिक (सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारी स्विचची जाळी) वेगळी. ईआरपीचे (कंपनीचा रोजचा कारभार चालवणाऱ्या प्रणालीचे) सर्व्हर आणि त्यांचा ॲरे (डिस्कचा सामाईक साठा) सीताबर्डीला. मिहानला नवा ऑल-फ्लॅश ॲरे (आठ पोर्ट) आणि चार एलटीओ-८ ड्राइव्हची एक टेप लायब्ररी. प्रत्येक ड्राइव्हला एकच एफसी (फायबर चॅनल) पोर्ट.

हवं ते असं: सीताबर्डीच्या दोन मीडिया सर्व्हरना (बॅकअप टेपवर लिहिणाऱ्या) मिहानच्या टेप दिसल्या पाहिजेत. टेस्टिंगवाल्यांना मिहानच्या ॲरेवर जागा द्यायची, पण त्यांचा गोंधळ प्रॉडक्शनपर्यंत जायला नको. वरून सूचना आहे की "एवढं कशाला, सगळं एकच फॅब्रिक करून टाका, झोनिंग तर आहेच ना". याला ठोस उत्तर हवं आहे. पर्याय शीर्षकातलेच: व्हीसॅन म्हणजे त्याच स्विचवर आभासी वेगळी फॅब्रिक, आयव्हीआर म्हणजे दोन व्हीसॅनमधल्या निवडक डिव्हाइसपुरतं रूटिंग.

शून्यमैल | सोमवार, सकाळी ११:३०

झोनिंगनं फक्त कोण कोणाशी बोलेल ते ठरतं. फॅब्रिक एक केलं की नेम सर्व्हर (कोण कुठे जोडलं आहे त्याची यादी), डोमेन मॅनेजर (स्विचना क्रमांक देणारा), एफएसपीएफ (मार्ग ठरवणारा), झोन डेटाबेस सगळं एक होतं. मग टेस्टिंगच्या स्विचवर कोणी चुकीचा झोनसेट (झोनचा संच) ॲक्टिव्हेट केला तर तो ईआरपीलाही लागू होतो. १८ किमीची लिंक लटपटली तर दोन्ही गावांच्या फॅब्रिकला त्याचा हादरा बसतो.

व्हीसॅनमध्ये या सगळ्या सेवांची प्रत्येकी स्वतंत्र प्रत चालते. स्विच तेच, वायर तीच, पण फ्रेमवर (डेटाच्या पाकिटावर) व्हीसॅनचा शिक्का असतो. फायबर चॅनलची मानकं ठरवणाऱ्या टी११ समितीनं २००४ मध्ये व्हर्च्युअल फॅब्रिक म्हणून हीच कल्पना मानकात घेतली, म्हणजे ही काही एका कंपनीची हौस नाही.

आता तुमच्यासाठी आकडे. ए फॅब्रिकमध्ये सीताबर्डी व्हीसॅन १००, मिहान टेप २००, टेस्टिंग ३००, आणि मधल्या लिंकवर फक्त ९००. बी फॅब्रिकमध्ये तेच १०१, २०१, ३०१, ९०१. दोन्हीकडे सारखे आकडे चालतात हे खरं, पण वेगळे ठेवा. कोणी पॅच पॅनेलवर ए ची वायर बी मध्ये खोचली तर ट्रंकवर (अनेक व्हीसॅन वाहणाऱ्या लिंकवर) सामाईक व्हीसॅनच सापडत नाही आणि दोन फॅब्रिक एकमेकांत मिसळत नाहीत. अर्थात त्यासाठी ट्रंकच्या यादीतून व्हीसॅन १ काढलेला हवा, कारण तो दोन्हीकडे असतोच.

१०० आणि २०० कुठेही ताणायचे नाहीत. १०० फक्त सीताबर्डीत, २०० फक्त मिहानला. त्यांच्यामध्ये आयव्हीआर, आणि ९०० हा ट्रान्झिट (फक्त मधल्या वाटेचा व्हीसॅन). सगळ्या आराखड्यात ९०० सगळ्यात कामाचा आहे. फायबर तुटलं तर फॅब्रिकची पुनर्रचना ९०० पुरती होते. १०० मधल्या सर्व्हरना एवढंच कळतं की टेप गेली.

तर्रीपोहा | सोमवार, दुपारी १२:०५

अन् फायबर तुटणार नाही असं समजूच नका. सिमेंट रोडचं खोदकाम कुठं ना कुठं सुरूच राहते आपल्याकडं. ए ची जोडी वर्धा रोडनं आणि बी ची हिंगण्याकडून रिंग रोडनं असेल तरच दोन फॅब्रिकचा अर्थ आहे. एकाच डक्टमधून दोन्ही गेल्या तर कागदावर दोन, जेसीबीसाठी एकच.

माझा मूळ आक्षेप वेगळा आहे. टेस्टिंगसाठी रूटिंग करूच नका ना भाऊ. ॲरेला आठ पोर्ट आहेत. चार प्रॉडक्शनच्या कामाला ठेवा, दोन टेस्टिंगच्या व्हीसॅनमध्ये टाका (एक ३०० ला, एक ३०१ ला), दोन राखीव. टार्गेटचा (म्हणजे ॲरेचा) पोर्टच ज्याच्या-त्याच्या व्हीसॅनमध्ये गेला की रूट करायला काही उरतच नाही. जिथं पोर्ट वाटता येते तिथं वाटा. जिथं वस्तूला एकच पोर्ट आहे तिथंच आयव्हीआर. तुमच्याकडं अशी वस्तू एकच, टेप.

शून्यमैल | सोमवार, दुपारी १२:२०

पूर्ण सहमत. टेस्टिंगसाठी मीही आयव्हीआर सुचवत नव्हतो, पण ते स्पष्ट लिहिलं नाही.

मिहानचा_वारा | सोमवार, दुपारी १:१५

टेस्टिंगला ईआरपीच्या डेटाची प्रत दर पंधरवड्याला लागते. ईआरपीच्या ल्यूनची (ॲरेवर कापून दिलेल्या डिस्कची) रेप्लिका मिहानच्या ॲरेवर ठेवायचं ठरलं आहे. तिचा क्लोन करून टेस्टिंगच्या पोर्टवरून दिला तर चालेल ना?

तर्रीपोहा | सोमवार, दुपारी १:४०

चालते. क्लोन आणि मूळ एकाच होस्टला (सर्व्हरला) कधीही दिसू देऊ नका, एवढी एक काळजी. क्लोनवर मूळचीच सही असते. लिनक्सवर एलव्हीएमला (डिस्कची वाटणी सांभाळणाऱ्या व्यवस्थेला) एकाच यूयूआयडीचे (ओळख क्रमांकाचे) दोन पीव्ही (डिस्क) दिसले की ते गोंधळते, त्यासाठी व्हीजीइम्पोर्टक्लोन चालवून नवीन नाव आणि यूयूआयडी द्यावा लागतो. व्हीएमएफएसला (व्हीएमवेअरच्या फाइल सिस्टिमला) री-सिग्नेचर, म्हणजे नवी सही. व्हीसॅन वेगळा असल्यानं ही चूक वायरच्या पातळीवरच अडते, तरी ॲरेवर होस्ट ग्रुप वेगळेच करा. आणि टेस्टिंगच्या ल्यूनवर आयओपीएसची (सेकंदाला किती वाचन-लेखन त्याची) मर्यादा लावा. पोर्ट वेगळे झाले म्हणून कंट्रोलर आणि कॅशे वेगळे होत नाहीत. टेस्टिंगवाल्यांनी रात्री लोड टेस्ट लावली तर तुमची व्हीसॅनची भिंत तिथं काहीच कामाची नाही.

अंबाझरी | सोमवार, दुपारी ३:५०

वरच्या चर्चेत एक गोष्ट राहते आहे. व्हीसॅन कंट्रोल वेगळं करतो, क्रेडिट वेगळे करत नाही. एका ट्रंकवर तीन व्हीसॅन असले तरी त्या आयएसएलचे (दोन स्विचमधल्या लिंकचे) बफर क्रेडिट, म्हणजे पुढची फ्रेम पाठवायचे परवाने, सामायिकच असतात. टेस्टिंगमधला एखादा ८ जीबी एचबीएचा (सर्व्हरमधल्या एफसी कार्डाचा) जुना सर्व्हर ३२ जीबीच्या ॲरेकडून मोठमोठे रीड मागतो, त्याला ते वेळेत पचत नाहीत, फ्रेम मागे साचतात, आयएसएलचे क्रेडिट संपतात, आणि त्याच ट्रंकवरच्या प्रॉडक्शन व्हीसॅनचे फ्रेमही थांबतात. झोनिंग बरोबर, व्हीसॅन बरोबर, तरी ईआरपी रांगतो. वरून कुठे एरर दिसत नाही.

म्हणून लिंकवर फक्त ९०० ठेवण्याचा सल्ला दुहेरी कामाचा आहे. ३०० तिथे चढवूच नका.

मोजायचं कसं: एमडीएसवर टीएक्स-वेट काउंटर २.५ मायक्रोसेकंदाच्या टिकमध्ये चालतो. म्हणजे ४,००,००० टिक = १ सेकंद क्रेडिटविना थांबणं. २० सेकंदांत काउंटर ४०,००,००० नं वाढला तर १० सेकंद थांबला, म्हणजे ५० टक्के. ब्रोकेड कंपनीच्या स्विचवर याच अर्थाचा टिम-टीएक्सक्रेड-झेड, तोही २.५ मायक्रोसेकंदाचाच. आयएसएलवर हा आकडा चढलेला दिसला तर दोष आयएसएलचा समजू नका. पलीकडच्या स्विचवर जा आणि कोणत्या एफ-पोर्टवर (सर्व्हर किंवा ॲरे जोडलेल्या पोर्टवर) तोच काउंटर चढतो आहे ते पाहा. खरा अडवणारा तिथे सापडतो.

उपाय दोन पातळ्यांवर. एक, एफ-पोर्टवरचा कंजेशन-ड्रॉप टाइमआउट (अडकलेली फ्रेम टाकून देण्याची मुदत) ५०० मिलिसेकंदांवरून २०० वर आणणं. दोन, एनएक्स-ओएस (एमडीएसची ऑपरेटिंग सिस्टिम) ८.१(१) पासून आलेलं कंजेशन आयसोलेशन. त्यात आयएसएलवर वेगवेगळे व्हर्च्युअल लिंक बनतात आणि प्रत्येकाचे क्रेडिट स्वतंत्र असतात, संथ डिव्हाइसची वाहतूक वेगळ्या लिंकवर ढकलली जाते. ते सुरू करताना आयएसएल खाली-वर होते, त्यामुळे भर दिवसा हात लावू नका.

बुटीबोरी_लाइन | सोमवार, सायंकाळी ५:०२

आमच्याकडं आयएससीएसआय (साध्या नेटवर्कवरून स्टोरेज) आहे. तिथं व्हीएलएएन (आभासी वेगळं नेटवर्क) केलं की झालं ना?

अंबाझरी | सोमवार, सायंकाळी ५:२५

तिथेही तोच नियम. व्हीएलएएननं ब्रॉडकास्ट वेगळा होतो, लिंकची क्षमता आणि स्विचचा बफर नाही. स्टोरेजसाठी शक्य तिथे वेगळे पोर्ट, एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) ९००० ठेवायचा असेल तर टोकापासून टोकापर्यंत सगळीकडे. मधला एक पोर्ट जरी १५०० चा राहिला तर लॉगिन होतं, छोटे आयओ चालतात आणि मोठा राइट लटकतो. हे दोन-दोन दिवस सापडत नाही. डीएफ बिट (पाकीट तोडू नका ही खूण) लावून ८९७२ बाइटचा पिंग करून बघा, लगेच कळेल.

बाकी वेगळा धागा काढा, इथे मूळ विषय भरकटेल.

लालफॅब्रिक | सोमवार, रात्री ९:१०

ज्यांच्याकडे ब्रोकेड आहे त्यांच्यासाठी हेच चित्र त्या भाषेत लिहून ठेवतो, कारण नागपुरात दोन्ही प्रकारची दुकानं आहेत.

व्हीसॅनच्या जागी व्हर्च्युअल फॅब्रिकचे लॉजिकल स्विच, प्रत्येकाला १ ते १२८ मधला एफआयडी (फॅब्रिकचा क्रमांक). आयव्हीआरच्या जागी एफसी राउटिंग: राउटरच्या बाजूला ईएक्स-पोर्ट, टोकाच्या फॅब्रिकच्या बाजूला साधा ई-पोर्ट (स्विचला स्विच जोडणारा). व्हर्च्युअल फॅब्रिक चालू असेल तर ईएक्स-पोर्ट फक्त बेस स्विचमध्ये (राउटिंगसाठी राखलेल्या लॉजिकल स्विचमध्ये) बनतात. टोकाच्या फॅब्रिकला राउटर हा खोट्या डोमेनसारखा (जणू अजून एक स्विच) दिसतो आणि पलीकडचं डिव्हाइस त्या खोट्या डोमेनमागे प्रॉक्सी म्हणून येतं. त्यामुळे दोन्हीकडे डोमेन आयडी सारखे असले तरी भांडण होत नाही. जुनी दोन फॅब्रिक न हलवता जोडायची असतील तर हे फार सोयीचं.

चुका जवळजवळ नेहमी झोनमध्ये होतात. झोनचं नाव एलसॅन_ नं सुरू झालं पाहिजे, दोन्ही टोकांच्या फॅब्रिकमध्ये तो झोन असला पाहिजे, आणि सदस्य डब्ल्यूडब्ल्यूपीएननंच (पोर्टच्या कायमच्या ओळख क्रमांकानंच) लिहिले पाहिजेत. डोमेन-पोर्ट लिहिलं तर राउटर ते वाचतच नाही. एका बाजूला झोन ॲक्टिव्ह करायचा राहिला तर प्रॉक्सी उगवत नाही, आणि माणूस तासभर फायबर साफ करत बसतो. आधी एलसॅन-झोन-शो बघा, मग एफसीआर-प्रॉक्सी-डेव्ह-शो.

शून्यमैल | मंगळवार, सकाळी ९:१५

आता एमडीएसवरची प्रत्यक्ष पावलं, एका फॅब्रिकपुरती.

सगळ्यात आधी डोमेन आयडी (व्हीसॅनमधला स्विचचा क्रमांक). १०० मध्ये ११, २०० मध्ये २१, ९०० मध्ये सीताबर्डीला ९१ आणि मिहानला ९२. सगळे स्टॅटिक. चारच स्विच आहेत आणि सगळे तुमच्याच हातात आहेत, त्यामुळे आयव्हीआर नॅट (वाटेत पत्ते बदलणं) लावू नका, डोमेन एकमेकांपासून वेगळे ठेवले की काम होतं. नॅट लागतो तो बाहेरचं, आपल्या ताब्यात नसलेलं फॅब्रिक जोडताना. नॅट असेल तर काही ईएलएस (फायबर चॅनलच्या नियंत्रण) संदेशांच्या पोटात असलेले पत्ते बदलले जात नाहीत, असे डिव्हाइस मग अडकतात. डोमेन बदलणं हे विघ्नकारक काम आहे, त्या व्हीसॅनमधले सगळे होस्ट पुन्हा लॉगिन करतात. त्यासाठी वेळ मागून घ्या. सर्व्हरवर एआयएक्स किंवा एचपी-यूएक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर अजून सावध, जुन्या मांडणीत त्यांचे डिव्हाइस पाथ एफसीआयडीला (डोमेनवरून बनणाऱ्या पत्त्याला) बांधलेले असतात.

मग दोन्ही स्विचवर फीचर आयव्हीआर, आयव्हीआर डिस्ट्रिब्यूट. टोपोलॉजी हातानं लिहा: सीताबर्डीच्या स्विचचा डब्ल्यूडब्ल्यूएन (कायमचा ओळख क्रमांक) १०० आणि ९०० सोबत, मिहानचा २०० आणि ९०० सोबत. ३०० चा उल्लेखही नको. टोपोलॉजीत जो व्हीसॅन नाही तो चुकूनही रूट होत नाही, हीच खरी भिंत. टोपोलॉजी ॲक्टिव्हेट, कमिट.

आयव्हीआर झोन: एक मीडिया सर्व्हरचा पोर्ट, एक ड्राइव्हचा पोर्ट, प्रत्येकाबरोबर त्याचा व्हीसॅन क्रमांक. दोन सर्व्हर आणि या फॅब्रिकमधले दोन ड्राइव्ह म्हणजे चार झोन. झोनसेट ॲक्टिव्हेट, परत कमिट. डिस्ट्रिब्यूट चालू असताना कमिट विसरलं की बदल तात्पुरत्या यादीत पडून राहतो आणि फॅब्रिकवर कुलूप राहतं, दुसऱ्याला काहीच करता येत नाही. १०० किंवा २०० मध्ये आधीचा ॲक्टिव्ह झोनसेट नसेल तर आयव्हीआरचा झोनसेट साध्या ॲक्टिव्हेटनं बसत नाही, फोर्स लावावा लागतो.

झाल्यावर व्हीसॅन १०० चा ॲक्टिव्ह झोनसेट पाहा. त्यात आयव्हीआरझेड_ नं सुरू होणारे झोन दिसले पाहिजेत. ते झोन तिथून हातानं पुसू नका.

आणि हे ठळक: ए आणि बी फॅब्रिकच्या मध्ये आयव्हीआर कधीही नाही. "बी मधली ड्राइव्ह ए मधूनही दिसली तर बरं" असं कोणीतरी म्हणतंच. दोन्ही जोडल्या की एका चुकीत दोन्ही जातात.

तर्रीपोहा | मंगळवार, सकाळी ९:४०

एक भर. ट्रंकच्या यादीत व्हीसॅन वाढवताना "ॲड" शब्द विसरू नका. स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीसॅन ९०० एवढंच लिहिलं की जुनी यादी पुसून फक्त ९०० राहते. इथं तेच पाहिजे म्हणून ठीक. पण उद्या मिहानच्या ए फॅब्रिकमध्ये अजून एक स्विच आला तर त्याच्या ट्रंकवर कोणी ३०० वाढवायला जाईल अन् बाकीचे सगळे उडवून बसेल. तसंच व्हीसॅन डिलीट केला की त्यातले पोर्ट व्हीसॅन १ मध्ये परत जात नाहीत, ४०९४ मध्ये जाऊन पडतात अन् बंद राहतात. पोर्ट खराब झाला म्हणून एसएफपी (पोर्टमधलं फायबरचं मॉड्यूल) बदलू नका.

मिहानचा_वारा | मंगळवार, दुपारी १२:३०

आभार. आता लिंकचा हिशोब. ए मध्ये दोन ड्राइव्ह, बी मध्ये दोन. एलटीओ-८ चा मूळ वेग ३६० एमबी प्रति सेकंद, दुप्पट कॉम्प्रेशन धरलं तर ७२०. दोन ड्राइव्हचे १४४०. एका १६ जीबी लिंकचे साधारण १६००. म्हणजे प्रत्येक फॅब्रिकला एक लिंक पुरते का?

अंबाझरी | मंगळवार, दुपारी २:१०

क्षमतेला पुरते, पण ती गेली तर त्या फॅब्रिकचे दोन्ही ड्राइव्ह गेले. दोन लिंकचं पोर्ट-चॅनल करा (दोन्ही मिळून एक लिंक). पण ७२० तुम्हाला मिळणारच नाही, त्याचं कारण अंतर आहे.

प्रकाशाला फायबरमध्ये किमीला ५ मायक्रोसेकंद. १८ किमीला जाऊन-येऊन १८०. साध्या एससीएसआय राइटमध्ये दोन फेऱ्या होतात (कमांड–तयार आहे, डेटा–झालं), म्हणजे ३६० मायक्रोसेकंद. टेपला एका वेळी एकच कमांड असते, डिस्कसारखी रांग नाही. २५६ केबीचा ब्लॉक ड्राइव्हच्या ८ जीबी पोर्टवरून जायला साधारण ३३० मायक्रोसेकंद. बेरीज ६९०. म्हणजे कमाल ३८० एमबीच्या आसपास, आणि हे सर्व्हरचा स्वतःचा वेळ न धरता. मूळ ३६० च्या जेमतेम वर. थोडा उशीर झाला की ड्राइव्ह थांबते, मागे जाते, परत सुरू होते.

ब्लॉक १ एमबी केला तर १३१० + ३६० = १६७० मायक्रोसेकंद, म्हणजे ६२५ च्या आसपास. फरक बघा. पण आधी खात्री करा की एचबीए ड्रायव्हर आणि ओएस एवढी मोठी ट्रान्सफर देतात, आणि ज्या सर्व्हरवर रिस्टोअर करायचं तोही १ एमबीचा ब्लॉक वाचू शकतो. नाहीतर बॅकअप हिरवा आणि रिस्टोअरच्या दिवशी टेप वाचत नाही.

क्रेडिट: पूर्ण आकाराच्या फ्रेमसाठी किमी × जीबी ÷ २. १८ × १६ ÷ २ = १४४. टेपच्या फ्रेम बहुतेक भरलेल्या असतात, त्यामुळे १७५–१८० ठेवले की पुरतात. याच लिंकवर उद्या डिस्कचं रेप्लिकेशन आणलं तर सरासरी फ्रेम अर्ध्यावर येईल आणि आकडा दुप्पट होईल. छोट्या स्विचवर एवढे क्रेडिट एका पोर्टला द्यायचे तर त्याच पोर्ट-ग्रुपमधले शेजारचे पोर्ट रिकामे ठेवावे लागू शकतात, आणि लायसन्सही लागू शकतं. खरेदीआधी बघा.

लालफॅब्रिक | मंगळवार, दुपारी २:४५

आणि १८ किमीला १० किमीचं एलडब्ल्यू (लाँगवेव्ह) मॉड्यूल लावू नका. "लिंक तर आली" म्हणून लोक लावतात. १३१० नॅनोमीटरला किमीमागे ०.३५ डीबी धरली तरी ६.३ डीबी नुसत्या काचेत, वर स्प्लाइस (फायबरचे सांधे) आणि पॅच पॅनेल. जास्त पल्ल्याचं मॉड्यूल किंवा डीडब्ल्यूडीएम (एकाच फायबरवर अनेक रंगांचा प्रकाश) लावा. मे महिन्यात रॅकच्या मागच्या बाजूला मॉड्यूलचं तापमान आणि आरएक्स पॉवर (पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) दोन्ही लिहून ठेवा. साधं मॉड्यूल ७० अंशांपर्यंतचंच असतं, आणि बाहेर ४५ असताना एक एसी बंद पडला की तिथं पोचायला वेळ लागत नाही.

मिहानचा_वारा | मंगळवार, सायंकाळी ६:२०

शेवटचं. टेस्टिंगच्या टीमला स्विचवर लॉगिन हवं आहे, "आमचे झोन आम्हीच करू" म्हणतात.

शून्यमैल | मंगळवार, सायंकाळी ७:००

द्या, पण व्हीसॅनपुरतं. नवीन रोल, त्यात व्हीसॅन पॉलिसी डिनाय, मग ३०० परमिट. बी वर ३०१. त्यांना झोनचे अधिकार द्या, आयव्हीआरचे नाही.

सुरू करण्याआधी एक चाचणी करून घ्या. टेपवर राइट चालू ठेवा, ए ची मिहान लिंक शट करा, पोर्ट-चॅनलमधल्या दोन्ही. ए मधल्या दोन ड्राइव्हचे जॉब पडणार, ते अपेक्षित. ९०० मध्ये पुनर्रचना दिसेल. १०० च्या लॉगमध्ये मात्र टेपच्या सदस्यांना आरएससीएन (डिव्हाइस आलं-गेल्याची सूचना) जाण्यापलीकडे काही दिसता कामा नये. ईआरपीच्या होस्टवर एकही पाथ खाली गेला तर समजा १०० कुठल्यातरी ट्रंकवर अजून चढलेला आहे. आधी शो इंटरफेस ट्रंक व्हीसॅन बघा.

मिहानचा_वारा | बुधवार, सकाळी ११:०५

बघितलं. ए बाजूच्या ट्रंकवर ९०० सोबत १ अजून आहे. काढतो.